यादीतला चौथा प्लगइन

तीर्थरूप काकांना,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, खुर्चीतून उठले तर तिचा पाय निखळतो). गुडघे काय म्हणतात? काकूच्या शेकाला दाद देतात का? बाबांना जाऊन चौदा महिने झाले आणि तुमचं दोन ओळींचं पत्र नाही. मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण ते राहू दे.

पाणीखात्याने मला बाबांचीच खुर्ची दिली आणि संगणकही तोच, ज्यावर तुम्ही दोघा भावांनी पंपांचे आकडे गोळा करत उभा जन्म घालवलात. काय तो प्राणी! चित्र नाही, बटण नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करा, एंटर मारा, चुकलात तर ढिम्म. म्हणून म्हटलं, त्याला चार प्लगइन लावू, जरा माणसात येईल. (बाहेरून आणून जोडायच्या या सोयी तुम्हाला काय सांगायच्या, पण पत्र काकूही वाचते.) शोधायला गेले तर इंटरनेटवर हजारो! त्यातले तीन निवडले: एक हुकमांना रंग देणारा, एक चुका दाखवणारा, एक जुने हुकूम आठवून देणारा. त्यांना सांभाळायला मॅनेजर नावाचा आणखी एक प्रोग्राम लागतो. मी घाईघाईत न वाचता दोन ठिकाणच्या ओळी डकवल्या आणि दोन मॅनेजर बसवून ठेवले. एका म्यानात दोन तलवारी! एकाने लावलेलं दुसरा उपटायचा. दोन दिवस पाच नंबरच्या पंपाचे आकडे गुलाबी दिसत होते, आणि साहेब येऊन गंभीरपणे विचारून गेले की पाण्यात काही मिसळलंय का.

शेवटी एका मॅनेजरला हाकललं आणि यादी मागितली. लावलेले तीन, यादीत चार. तिघांपुढे ते कुठून आणले तो पत्ता होता. चौथ्याचं नाव नुसतं ‘घरचा’, पत्त्याची जागा कोरी.

दीड वाजता पडद्यावर आपोआप ओळ उमटली: जेवलीस का?

खोलीत मी एकटी. मला वाटलं, आमच्या यंत्रदुरुस्तीवाल्याचा (त्याला सगळे ‘पाना’ म्हणतात) चावटपणा. त्याने आईची शपथ घेतली. मी चौथा काढून टाकला, यादीत तीन उरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. पुन्हा काढला, पुन्हा हजर. आता भुताटकी म्हणावी तर भर दुपारी, आणि भूत जेवणाची चौकशी करतंय!

मंगळवारी वैतागून टाइप केलं: हो. ओळ आली: खोटं. डबा खणात आहे.

होता, काका. भरलेला. शाळेपासून मी न खाल्लेला डबा खणात लपवते, हे घराबाहेर कुणाला माहीत नाही. बुधवारी मी टेबलावरचे कागद उचकत होते, तेवढ्यात ओळ आली: चष्मा कपाळावर आहे. हात लावून पाहिला, तिथेच होता. मग मात्र मी टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडले. पाना दारात आला आणि पाऊल न वाजवता परत गेला.

तेव्हापासून वेळेवर जेवते. पण येत्या सोमवारी नवा संगणक येणार आणि हा कोरा करणार. पाना म्हणतो, पत्ता असलेले प्लगइन पुन्हा आणता येतील, बिनपत्त्याचा कुठून आणायचा? त्याने या ‘घरच्या’ची फाइल दुसऱ्या संगणकावर ठेवून पाहिली. तिथे तो तोंडच उघडेना. तर सोमवारच्या आत येऊन जा. असले उद्योग तुम्ही दोघांनीच केलेत.

काकूला नमस्कार.

तुमचं दोघांचं लाडकं शेपूट

ता. क. गुडघे दुखत असतील तर येऊ नका. मी काही घाबरलेली नाही. (पत्र दोनदा लिहिलं, पहिल्यावर अक्षर फार हललं होतं.)

दुसरा ता. क. खरं ते आता लिहिते. त्या फाइलमध्ये शेवटचा बदल त्याच मंगळवारी झालाय. दुरून या संगणकात शिरायची किल्ली दोघांकडेच होती, बाबांकडे आणि तुमच्याकडे. तुम्ही असाल तर येऊ नका, काही बोलूही नका, फक्त नव्या संगणकावर त्याला बसवा. तुमची किल्ली मी तिथेही चालू ठेवतेय. आणि तुम्ही नसाल, तर काका, पाया पडते, चौदा महिने लिहिलं नाहीत तसंच यापुढेही मला पत्र लिहू नका. मला ते कळायला नको.