शालिकरामजी गुहेत अडकले आहेत

नागपूर,
शुक्रवार, ता. २९ ऑगस्ट १९८६

गोविंदादादास पुष्पलताचा नमस्कार.

झाले ते असे:

१. तू पुण्याहून पाठवलेली गुहेच्या खेळाची फ्लॉपी जूनमध्ये मिळाली.
२. त्यानंतर कामठीचे शालिकरामजी त्यांच्या मुलासाठी, केशवसाठी, मला पाहायला आले.
३. शालिकरामजी गुहेत शिरले.
४. ते अजून बाहेर आलेले नाहीत.
५. बाहेर आल्याशिवाय ते माझ्या लग्नाचे हो किंवा नाही सांगणार नाहीत.

आता क्षेमकुशल. इकडे सर्व ठीक. मावशीचे गुडघे कसे आहेत? तुझ्या खोलीवर पाणी येते का? माझी प्रकृती बरी आहे, फक्त शनिवारी बिघडते. आमच्याकडे शनिवारी अर्धा दिवस असतो. असायचा, असे लिहिणे जास्त बरोबर.

घडले कसे ते सांगते. शालिकरामजींचे कामठीला यंत्रमाग आहेत. त्यांनी आधीच निरोप पाठवला की पोहे सगळ्याच पोरी करतात, आपण पोरगी काम करताना पाहू. म्हणून पाहण्याचा कार्यक्रम आमच्या कार्यालयात ठरला. (आमच्या कार्यालयात दुसऱ्यांची पगारपत्रके कॉम्प्युटरवर होतात, हे तुला माहीत आहे. शालिकरामजींना ते ज्योतिषासारखे काहीतरी वाटत होते.) शालिकरामजी, केशव आणि आपली रंभाबाई आत्या असे तिघे आले. धूळ चालत नाही म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढाव्या लागतात. त्यामुळे आत येताच आत्याने हात जोडले. एअरकंडिशनरला जोडले, कारण खोलीत तोच सर्वांत मोठा होता.

पगारपत्रकाचे काम चालू असताना पडद्यावर पाहण्यासारखे काही नसते. आमचे चंद्रभानसर म्हणाले, पाहुण्यांना काहीतरी हलते-बोलते दाखवा. शालिकरामजींनी त्यांच्या कामगारांच्या पगारपत्रकांचे काम आमच्याकडे द्यावे अशी सरांची इच्छा आहे, म्हणून सर त्या दिवशी फार उत्साही होते. टेबलाच्या खणात तुझी फ्लॉपी होती. मी ती लावली. यात माझी चूक असेल तर एवढीच.

मी शालिकरामजींना समजावून सांगितले की यात चित्र नाही, नुसती वाक्ये येतात. तुम्ही एका गुहेत आहात, समोर काय आहे ते मशीन सांगेल, आणि काय करायचे ते आपण इंग्रजीत दोन शब्दांत टाइप करायचे. दोन शब्द ही अट त्यांना कमीपणाची वाटली. वाटेत एक राक्षस आडवा आला तेव्हा ते मला म्हणाले, "त्याले सांग, आम्ही कामठीचे, चार लोकांत आमचं नाव आहे, खोटं वाटत असंल त विचारून ये म्हणा." मी "उत्तरेला जा" एवढे टाइप केले. ते पडद्याकडे पाहून म्हणाले, "एवढ्यात सगळं आलं?" मी हो म्हटले. राक्षसाने त्यांना खाल्ले. "आपलं नाव नीट सांगितलंच नाही तू," असे म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात करायला लावली.

पुढच्या शनिवारी ते परत आले. त्याच्या पुढच्याही. सोबत केशव असतो. त्याचा वस्त्रोद्योगाचा डिप्लोमा झाला आहे आणि तो साडीच्या काठाची नक्षी ज्या चौकटीच्या कागदावर काढतात, त्या कागदावर गुहेचा नकाशा काढतो. नकाशा चांगला आहे. बोलणे कमी आहे. आजवर तो माझ्याशी चार वाक्ये बोलला. तीन दिशांबद्दल होती आणि चौथे एअरकंडिशनरबद्दल, म्हणजे मला फार गार वाटते का असे. पुढच्या शनिवारी ते यंत्र मंद केलेले होते. (आत्याला ते देवाचे तेज कमी झाल्यासारखे वाटले.)

आता अडचण. गुहेच्या शेवटी एक अरुंद फट आहे. तिथे गेले की मशीन सांगते, तुम्ही अडकलात. शालिकरामजींकडे कंदील, कुऱ्हाड, दोरी, गंजलेली किल्ली, चांदीचे ताट आणि एक रिकामी बाटली आहे. वाटेत जे दिसले ते त्यांनी उचलले. फटीला त्यांनी कुऱ्हाडीने मारून पाहिले, किल्ली लावून पाहिली, चांदीचे ताट देऊ केले. मी एकदा, तुला माहीत आहे त्या माझ्या आडवळणाच्या पद्धतीने, सामान जास्त झाले का असे विचारले. ते म्हणाले, "काहून? बाटली का खायले मागते तुले?" तो विषय तिथे संपला.

तुला वाटेल, मी सरळ का सांगत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले होते, "तुले येते का वं यातून बाहेर निघता?" मी तोंड उघडण्याआधी मागून आत्या म्हणाली, "नाही जी, तिले काही नाही येत. साधी आहे पोरगी." मुलगी पाहायला आल्यावर फार हुशार दिसू नये, अशी आत्याची पद्धत आहे. तेव्हापासून मला येत नाही. आता एकदम येऊ लागले तर आत्या खोटी पडते, आणि शालिकरामजींना वाटेल की पोरीने इतके दिवस आपली गंमत पाहिली. लग्नाचे विचारले की ते म्हणतात, "एवढं पार पडू दे, मग बोलू. हातचं काम अर्धं टाकून दुसरं धरत नसतो आपण."

याआधीच्या दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न नोकरी कधी सोडणार हा होता. इथे तो कोणी विचारलेला नाही. उलट मी रजेवर गेले तर टाइप कोण करेल, ही शालिकरामजींना काळजी आहे. या स्थळाबद्दल माझी तक्रार नाही. हे वाक्य तू मावशीला वाचून दाखवू नयेस.

आत्याचे म्हणणे, पितृपक्ष लागण्याआधी होकार आला पाहिजे, नंतर बोलणी होत नाहीत. मी दमले आहे. तेव्हा फटीतून बाहेर कसे जायचे ते सविस्तर लिहून पाठव. उत्तर गुरुवार, ता. ११ सप्टेंबरपर्यंत मिळावे.

तुझी,
पुष्पलता

ता. क. बाहेर कसे जायचे ते मला माहीत आहे. फ्लॉपी आली त्याच आठवड्यात मी बाहेर पडले होते. हातातले सगळे खाली ठेवायचे आणि मोकळ्या हाताने जायचे, एवढेच आहे. वेगळ्या कागदावर ते लिहून सोबत ठेवले आहे. तो कागद तुझ्या अक्षरात उतरवून परत पाठव. पुण्याचा माणूस सांगतो म्हटल्यावर शालिकरामजी बाटली खाली ठेवतील असे वाटते.

आणखी ता. क. (शनिवार, ता. ३०) पत्र टाकायचे राहिले होते, ते बरे झाले. आज चंद्रभानसर शालिकरामजींना तर्री-पोहे खायला खाली घेऊन गेले. आत्या एअरकंडिशनरसमोर डुलक्या घेत होती. केशवने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. त्याने आजवर त्याला हात लावलेला नव्हता. कंदील, कुऱ्हाड, दोरी, किल्ली, ताट, बाटली, एकेक करून त्याने सगळे खाली ठेवले आणि तो फटीतून गेला. बाहेर नदी आहे आणि आकाश आहे, असे मशीनने सांगितले. आम्ही दोघांनी ते वाचले. मग तो फटीतून परत आत आला, सगळ्या वस्तू उचलल्या, बाटलीसुद्धा, आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

शालिकरामजी वर आले. "काही हललं का?"

"नाही बाबा," केशव म्हणाला. "अडकूनच आहो."

मी कीबोर्डवर बोटे ठेवली. मला येत नाही, हे आधीच ठरलेले आहे.

तेव्हा वरची तारीख रद्द समज. पितृपक्षात बोलणी होत नाहीत हे खरे, पण त्यात शनिवार येतात. आत्याला मी टपालाचे कारण सांगेन. तुझे उत्तर गुरुवार, ता. ९ ऑक्टोबरला मिळावे. त्याआधी नको.