स्पेनमधली मेंढरं

मु. वडाळी, मानवत रोड स्टेशनाच्या पलीकडे
फेब्रुवारी १९५८

सन्माननीय व्यंकटराव यांस, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार पोचावा. इकडे आम्ही सुखरूप आहोत; तुमचे गुडघे आणि तुमचे मानवतचे आडत दुकान, दोन्ही नीट चालत असतील अशी आशा आहे. (तुमच्या भगिनी नर्मदाबाई म्हणतात, आधी गुडघ्यांचं विचारा. विचारले.)

कळवण्यास कारण की, मी दहावीला स्पेनचे यादवी युद्ध शिकवले आणि नोकरी धोक्यात आणली. निजामाच्या राज्यात आम्ही बादशहांच्या सनावळ्या उर्दूतून घोकल्या, तेव्हा कुणाचे काही बिघडले नाही. आता जग मराठीतून शिकवायचे आहे. मी मन लावून सांगितले, की देश एक, त्यात दोन तट. एका तटाला जर्मनी-इटलीने विमाने आणि फौज दिली, दुसऱ्याला रशियाने हत्यारे दिली, इंग्लंड-फ्रान्स म्हणाले आम्ही यात पडत नाही. आणि आला तो मदतीच्या नावाखाली आपलेच काम उरकून गेला. पोरे खिडकीबाहेरच्या बैलगाड्या मोजत बसली. मग मी गावातले उदाहरण मागितले. (अध्यापनाच्या पुस्तकात ही उत्तम पद्धत म्हणून छापली आहे. छापणाऱ्याला इथे एक वर्ष नेमावे.)

उठला तो चंद्रभान. शाळा समितीचे अध्यक्ष आबासाहेब यांचा हा चिरंजीव. आजवर त्याने वर्गात तोंड उघडले ते जांभईसाठी. तो म्हणाला, "गुरुजी, हे तर आमच्या घरीच चालू हाय. येडबा धनगराची मेंढरं खतासाठी आधी कुणाच्या वावरात बसवायची म्हणून बाबाचं अन् काकाचं भांडण लागलं. बाबानं मानवतच्या मामाला बोलावलं, काकानं गंगाखेडच्या सासऱ्याला. सासरा बाजंवर बसून रोज कोंबडी खायलाय. अन् भांडण मिटंपर्यंत म्हणून मेंढरं मामाच्या वावरात बसायलेत."

व्यंकटराव, इतके नेमके उत्तर मी बारा गावच्या पोरांकडून ऐकले नव्हते. सगळे लेंडीखत मानवतला गेले, आणि हे दोघे भाऊ कोरड्या बांधावर एकमेकांना शिव्या देत उभे! मी भर वर्गात शाबासकी दिली. पोराने ती घरी जाऊन जेवताना बापाला सांगितली.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब शाळेत आले. या गृहस्थांनी शाळेसाठी आजवर काय केले म्हणाल, तर स्वतःच्या नावाची पाटी रंगवून घेतली. स्पेन कुठल्या तालुक्यात आहे, हे त्यांनी हेडमास्तरांना विचारले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, आमच्या घराची इज्जत फळ्यावर मांडायची न्हाई. सोमवारी पोरांना सांगा, त्या स्पेनात बाहेरचं कुणी आलंच नव्हतं. न्हाई तर तुमी बरखास्त." मी अजून कायम झालेलो नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. हेडमास्तर म्हणाले, मी यात पडत नाही, आणि चहा सांगायला गेले. इंग्लंडसुद्धा इतक्या लगबगीने तटस्थ झाले नसेल.

मी खोटे शिकवणार नाही. संताप येतो तो याचा, की घरात मेव्हणे आणून बसवणाऱ्या माणसाला इतिहासात मेव्हणा सापडला की लाज वाटते. बाहेरच्याला भांडणात बोलावणे हा शुद्ध नादानपणा आहे आणि बोलावल्यावर येणारा त्याहून नादान, हे माझे ठाम मत आहे, आणि ते तुम्हाला पटेलच.

आपला,
मुंजाजी
(सोमवारपर्यंत शिक्षक)

ता. क. आबासाहेबांचे ते मेव्हणे म्हणजे तुमच्या आडतीवर कापूस घालणारे बन्सीधर. त्यांचा शब्द आबासाहेब मोडत नाहीत. तरी त्यांना घेऊन रविवारीच निघावे. तुम्ही घरचे आहात, तुमच्या येण्याला बाहेरची ढवळाढवळ म्हणता येणार नाही.

ता. क. दुसरा. मागे तुम्ही दोन दिवसांसाठी आलात ते पाडवा करून गेलात, आणि मी महिनाभर ओसरीत झोपलो. तेव्हा येण्याआधी जाण्याचा दिवस कळवावा. स्पेनने नेमके हेच विचारून घेतले नव्हते.