मधल्या खोलीत काही नको

२ नोव्हेंबर, रविवार
झाली एकदाची रिकामी मधली खोली. शिलाई मशीन पडवीत, ट्रंका माळ्यावर, गेल्या वर्षीच्या भाताची पोती मागच्या शेडमध्ये. मंगेशने पोती उचलली, पण तोंड वाकडं करूनच. नवरा आहे, तेवढा हक्क त्याचा. खिळे उपटले, भोकं बुजवली, चुन्याचे दोन हात. खिडकीला जाड पडदा, रस्त्यावरचे टेम्पो दिसायला नकोत. खाली एक चटई. बस्स. विपश्यनेच्या शिबिरात शिकवलं तसं रोज दोन वेळा शांत बसायचं, आणि त्या खोलीत दुसरं काही म्हणजे काही ठेवायचं नाही.
सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "कॅलेंडर तरी लाव गो एखादं." नको म्हटलं. "मंग मूर्ती?" बुद्धमूर्ती बाहेरच्या खोलीत आहे की. पुढे काही बोलल्या नाहीत. नवलच. नाहीतर एका विषयावर त्या दोन दिवस बोलतात.

३ नोव्हें.
सकाळी बसले. श्वासावर लक्ष. मग गॅस संपत आलाय. मं.ची सेकंड शिफ्ट, डबा नको. पतपेढीत आज साहेब येणार. पाठ दुखतेय. किती वेळ झाला म्हणून मोबाइल बघितला आणि मेसेज वाचत बसले. किन्हवलीहून शहापूरपर्यंत बसमध्ये उभी. दिवसभर चिडचिड. कसली शांती नि कसलं काय.
संध्याकाळी सासूबाईंनी सुकट भाजली. मी शिबिरापासून मासळी सोडलीय, वास सहन होईना. ताट सरकवलं, खिडकी उघडली. त्या नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे. वाटलं आता बोलणी बसणार. तर म्हणाल्या, "वरणभात टाकू का?"

५ नोव्हें., पौर्णिमा
विहारात वंदनेला. बायका आज फार गोड वागत होत्या. शेजारच्या शांतामावशीने भिंतीकडची जागा सोडली, "टेकून बस गो." मी कशाला टेकू? खीर वाढताना माझ्या वाटीत एक पळी जास्त. इतकी वर्षं याच बायका आधी पोटाकडे बघायच्या, मग तोंडाकडे. आज काय झालंय यांना?

८ नोव्हें.
हंडा उचलायला वाकले तर सासूबाईंनी हातातून काढून घेतला. भांडीही त्यांनीच घासली. "तू जा, बस तुझ्या खोलीत."
गेले. बसले. आज पहिल्यांदा बसल्यासारखं झालं. चुन्याचा वास, पडद्याच्या कडेने येणारा उजेड, आणि कोणी हाक मारत नाही. उठावंसं वाटेना. शिबिराचा परिणाम व्हायला लागला बहुतेक.

९ नोव्हें.
भाताची झोडणी. मीही निघाले तर सासूबाईंनी अडवलं. "धुळीत नको तू." मं.ला शहापूरहून शहाळं आणायला लावलं, माझ्यासाठी. तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला, मग माझ्या. मी खांदे उडवले.

१२ नोव्हें.
सुनीताचा फोन, माझी नणंद, मुरबाडला असते. "वैनी, आईने बोलू नको सांगितलंय, तीन महिने होऊ द्या म्हणून. पण मला राहवलं नाय. जपा."
फोन ठेवला.
मग सगळं लख्ख झालं. रिकामी खोली, नवा चुना, वारा अडवणारा जाड पडदा. आमच्याकडे बाळंतपणासाठी खोली अशीच करतात. सुनीताच्या वेळी याच खोलीला चुना मीच लावला होता, खिडकीला पोतं मीच लावलं होतं. आणि वर सुकट नकोशी झालेली. मला कसं सुचलं नाही? सासूबाईंनी तरी कसं विचारलं नाही? पण तीन महिन्यांआधी विचारत नाहीत. दृष्ट वगैरे आम्ही मानत नाही म्हणतो, आणि हे मात्र इमानेइतबारे पाळतो.

१३ नोव्हें.
मं.ला सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, "तूच सांग. मी नाय सांगणार, तिचं तोंड बघवणार नाय मला." मुलासाठीचे दवाखाने बंद करायचं दोघांनी मिळून ठरवलं होतं. आता हा मागच्या मागे. फार राग आला.
पण खरं लिहायचं तर सांगावंसं मलाही वाटत नाही. या घरात "बस जरा" असं मला कोणी म्हटलं होतं का कधी? ती शांतता शिबिराची नव्हतीच. सासूबाईंनी दिलेली होती, आणि माझ्यासाठी दिलेली नव्हती.

१५ नोव्हें.
नाही सांगितलं. आज सांगते, उद्या सांगते. आता बसणंही जमत नाही. डोळे मिटले की मोरीतून भांड्यांचा आवाज, आणि मध्येच त्यांचं कण्हणं, गुडघ्यामुळे. उठून भांडी घ्यायला गेले तर परत पाठवलं. बरं नाही वाटत. रडू आलं, ते बघून त्यांनी पाठीवरून हात फिरवला, म्हणजे आणखीच आलं.

१६ नोव्हें., रविवार
सांगितलं. त्या अंगणात बसून जुनं मऊ लुगडं फाडत होत्या, दुपट्यांसाठी. आता मात्र धीर धरवेना.
"आई, तुम्हाला वाटतंय तसं नाहीये. मला दिवस गेलेले नाहीत."
हात थांबले. फाटलेली कड बोटाला गुंडाळत राहिल्या.
"मंग खोली कोनासाठी केलीस?"
"माझ्यासाठी."
"तुझ्यासाठी?"
"बसायला. शांत."
"बसायला आख्खी खोली?" रागाने नाही विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी म्हटलं, बाहेर बसलं की कोणी बसू देत नाही, सारखं काही ना काही निघतं.
बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी कवा बसले गो?"
त्या उठल्या, लुगड्याचे तुकडे उचलले आणि चुलीसाठी लाकडं आणायला गेल्या.

१७ नोव्हें.
सकाळी पिशवी भरून मं.च्या गाडीवर मागे बसल्या. "सुनीताकडं जाते." कधी येणार ते नाही. शांतामावशीने कुंपणावरून विचारलं, "म्हातारी कुठं चालली?" लेकीकडे, म्हटलं. तिने माझ्याकडे आज परत पोटापासूनच बघितलं. म्हणजे कळलं असणार.

१९ नोव्हें.
सुनीताचा फोन. "वैनी, झालं काय तुमच्यात? आई आल्यापासून ओट्यावर नुसती बसून हाय. कामाला हात लावत नाय. बोलत नाय, टीवी पण नको म्हनते. मी चहा दिला तर म्हनली, ठेव, बसलेय मी."
तिला काय सांगू? आईंना सांग, आठवण येते, असं काहीतरी बोलले.
घरात आज कोणी नाही. मं. शिफ्टला. हवी होती तशी शांतता. मधल्या खोलीत तीनदा गेले, तीनदा बाहेर आले. भांडी घासलेलीच परत घासली.
शनिवारी मुरबाडला जावं म्हणते. आणायला? की नुसतं ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसायला?