करपलेल्या वरणाचे दिवस

आई, तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली, की तुला पाहिलेलं माणूस या घरात माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. परवा नातीने एक नवी कादंबरी वाचायला दिली. एका साध्या बाईच्या आयुष्यात प्रेम येतं आणि तिच्या रोजच्या दिवसाची घडी विस्कटते, एवढीच गोष्ट. बरी आहे. पण ती बाई अर्धं पुस्तक नुसती खिडकीशी बसून सुस्कारे टाकते, आणि मला सारखं वाटत होतं, हिला एक भावजय हवी होती. तुझ्यासारखी. आत्याला होती, म्हणून आत्याची गोष्ट खिडकीशी अडली नाही.

राज्यांची फेररचना होऊन नागपूरची राजधानी मोडली आणि बाबांच्या कचेरीबरोबर आपलं बिऱ्हाड भोपाळला आलं, तेव्हा मी दहाएक वर्षांची असेन. सरकारी क्वार्टर्सची नवी ओळ, भिंतींना ओल्या चुन्याचा वास, आणि ओळीच्या टोकाला सगळ्यांत मिळून एक नळ. बाबांनी नागपूरचा दिवस जसाच्या तसा उचलून इथे आणला होता. चहा, पूजा, तव्यावरची पोळी, सायकल. हे सगळं चालायचं आत्याच्या जिवावर. बाबांची ही धाकटी बहीण लग्नानंतर वर्षभरातच विधवा झाली आणि आपल्याकडे आली, तेव्हापासून चूल तिच्या ताब्यात. तुला स्वयंपाक कधी जमलाच नाही, आणि ते तू चारचौघांत हसून सांगायचीस. बाबा निघाले की त्यांच्या हातावर दही घालायला तू दारात, आणि आत्या दाराआड. बाहेर निघालेल्या माणसाला विधवेचं तोंड दिसू नये म्हणून. तिला कुणी सांगायला लागत नसे, ती आपली आपण सरकायची. नळावरसुद्धा ती उजाडायच्या आत जाऊन यायची, कुणाच्या वाटेत यायला नको म्हणून. तुला ते बघवत नसे, तू ताटल्या जरा जास्तच आपटायचीस.

शेजारच्या क्वार्टरमध्ये इंदूरहून आलेले एक ड्राफ्ट्समन राहायचे. बहिणींची लग्नं उरकता उरकता त्यांचं स्वतःचं राहून गेलेलं. तेही पहाटेच नळावर जायचे. तिथे दोघांत काय बोलणं व्हायचं देव जाणे, पण आत्या घागर घेऊन परत यायची ती गुणगुणत. एके दिवशी त्यांची खात्याची परीक्षा होती. मी अंगणात दात घासतेय. ते इस्त्रीचे कपडे घालून सायकल घेऊन आपल्या दारासमोर येऊन उभे राहतात. आत्या रांगोळी अर्धी टाकून आत वळते.

"अहो, आत नका जाऊ," ते म्हणतात. "मी परीक्षेला निघालोय. जरा सामने या."

"भलतंच काय! आज तरी नको."

"आजच तर. नापास झालो तर माझ्या अभ्यासाला बोल लावीन, तुम्हाला नाही."

आत्या पदर सावरत पुढे आली आणि उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, मान लववली आणि सायकलवर टांग मारली. पास झाले आई, बढतीसकट! पण तू निकालाची वाट कुठे बघितलीस? तू खिडकीतून सगळं पाहिलं होतंस, आणि तोंडातली चूळ मला टाकूही न देता म्हणालीस, "हे लग्न मी लावतेच."

बाबांकडे विषय तूच काढलास. ते जेवत होते. घास तसाच हातात धरून म्हणाले, "चार लोक काय म्हणतील?"

"कोणते चार? ते नागपूरलाच राहिले की. त्यांची नाही झाली बदली."

बाबांना हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मग हळूच म्हणाले, "आणि घर कोण बघणार?"

"असं होय! म्हणजे दुखणं हे आहे." तू कमरेवर हात ठेवलेस. "अख्ख्या देशाचे नकाशे बदलून राहिले, आणि एका बाईचं घर बदलायला तुमची पोळी आडवी येते?"

त्या दिवशी बाबा दही न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी तू आत्याला दंडाला धरून स्वयंपाकघरातून बाहेर काढलंस, अंगणात पाट टाकून त्यावर बसवलंस आणि चूल हातात घेतलीस. ते दिवस मी कसे विसरेन? वरण रोज करपायचं. पोळ्या पापडासारख्या मोडायच्या. बाबांना कचेरीत उशीर व्हायला लागला, साहेब खोचक बोलायला लागले. आत्या रडकुंडीला येऊन म्हणायची, "वहिनी, पुरे. माझ्यापायी दादाचे हाल होताहेत." तू धुरातूनच उत्तर द्यायचीस, "हाल नाहीत वन्सं, सवय लागतेय." बाबा ताटातलं निमूट संपवायचे. ताट त्यांनी एकदाही सरकवलं नाही, एवढं त्यांचंही मोठेपण.

आणि मग ती सकाळ. कधी स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडलेले बाबा आत येतात. तू चूल फुंकतेस, डोळ्यांना धार लागलीय, मनगटावर भाजल्याचा फोड. ते तुझ्या मनगटाकडे बघतात. मग धोतर खोचून खाली बसतात. "सरक. चहा मी करतो," म्हणतात, आणि फुंकणी तुझ्या हातातून काढून घेतात. "आणि संध्याकाळी त्यांना बोलाव. मुलीच्या भावाने बोलायची रीत असते."

चहा पाणचट होता. अंगणात आत्या तो पिता पिता रडली, आपण सगळ्यांनी दोन-दोनदा घेतला. मला तेव्हा लढाई जिंकल्यासारखं झालं होतं, आणि आज लिहितानाही होतंय.

लग्न क्वार्टर्सच्या अंगणातच झालं. नागपूरहून कुणी आलं नाही, पण सगळी ओळ आली. कोपऱ्यावरच्या खालाजान शेवयांचं पातेलं घेऊन आल्या आणि आल्या आल्या विचारलं, "दुल्हन तो देख ली, भाभी कहाँ हैं?" तुला आचाऱ्यांनी चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. नंतर त्या दोघांनी याच गावात चांगला भरभरून संसार केला, तो तू डोळे भरून पाहिलासही.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून सांगून टाकते. अंतरपाट दूर झाला तेव्हा सगळे नवरानवरीकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघत होते. तू अक्षता टाकायच्या विसरून, त्या मुठीत धरून, हसत-रडत उभी होतीस, आणि मला वाटलं, ही माझी आई आहे हे अख्ख्या ओळीला ओरडून सांगावं. तोंड उघडलंही होतं. पण लाजले.