सुदेश एकदम खलास

अल मजाज, शारजा
३ जानेवारी २०२५

ती. आईंना अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या सगळ्या पत्रांची सुरुवात अशीच असते, म्हणून मीपण तशीच केली. मी इंग्लिश मीडियमवाली, मराठी पत्र म्हणजे माझ्यासाठी एक्झामच! पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ही न्यूज घरात रुपालीताई तुम्हाला ओरडून सांगायला लागल्या तर अर्धं गुहागर ऐकेल. म्हणून वहीवर लिहून फोटो पाठवतेय.

आई, आम्ही दोघं १० तारखेला चार दिवसांच्या हाइकला जातोय. हजरचे डोंगर, मसाफीपासून पार वाडी शौकापर्यंत, सगळं चालत. इथली वाडी म्हणजे कोरडी नदी हं, घरं शोधू नका. टेंट आणि पाणी लियाकतभाई पिकअपने रोज पुढच्या मुक्कामावर आणतील. ते आणि अजराभाभी आपल्या दापोलीचे, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात.

तुम्ही लगेच पायाचं विचारणार. जबल अलीच्या गोडाऊनमध्ये सुदेशच्या पायावर मालाने भरलेलं पॅलेट पडलं त्याला आता दोन वर्षं होतील. डॉक्टर म्हणतात रॉड मस्त बसलाय, बिनधास्त चाला. पण हा पहिल्या मजल्यावर जायलासुद्धा लिफ्ट घेतो. पाय बरा झालाय, सुदेश नाही झालाय. म्हणून मीच हट्ट धरला. तुम्ही नको म्हणालात तर तो एका मिनिटात कॅन्सल करेल. सो प्लीज, हो म्हणा.

लोभ आहेच, तो या वेळी डोंगराएवढा करा.

तुमची,
स्वप्नाली

गुहागर
५ जानेवारी २०२५

चि. सौ. स्वप्नाली हिला अनेक आशीर्वाद.

अगं, आशीर्वाद मोठ्यांनी द्यायचे असतात. सुनेने सासूला शि.सा.न. लिहायचं, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार. रुपाली हसून हसून खाली बसली. असो. आलेले आशीर्वाद मी ठेवून घेतले आहेत.

पुढचं वाचून मात्र जेवण गेलं नाही. आम्ही गवतासाठी जन्मभर डोंगर चढलो, तुम्ही रजा काढून चढणार! सुदेशला लागलं तेव्हा तू हॉस्पिटलात एकटी होतीस, आणि मी इथे फोन कानाला लावून बसले होते, एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तसा दिवस मला परत नको.

तरी हो म्हणते, कारण लिफ्टचं त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. दोन अटी आहेत. उतारावर पाऊल आडवं टाकायचं, डोक्यावर भारा असल्यासारखं. त्याला माहीत आहे, लहानपणी माझ्या मागून तसाच उतरायचा. आणि पहिला दिवस संपला की लगेच लिहून कळवायचं. पाय सुजला असेल तर तिथूनच मागे फिरायचं.

कळावे. लोभ आहे, पण सध्या काळजी त्याहून जास्त.

तुझी आई,
सत्यभामा

मुक्काम टेंट, मसाफीच्या पुढे
११ जानेवारी २०२५, सकाळी

ती. आईंना शि.सा.न., आणि त्याच्याही आधी शंभर वेळा सॉरी.

आई, इथे खलास म्हणजे झालं, संपलं, बास. ऑफिसात फाइल झाली, खलास. चहा पिऊन झाला, खलास. दिवसातून वीस वेळा म्हणते मी. काल खिंडीत मोबाइलला जेमतेम एक काडी नेटवर्क आलं, म्हणून घाईघाईत टाइप केलं की पहिला दिवस खलास, सुदेश एकदम खलास, बाकी नंतर. मला म्हणायचं होतं, दमलाय! गुहागरला ते कसं वाचलं जाईल हे डोक्यातच आलं नाही. आणि खिंड उतरलो तसं नेटवर्कही गेलं.

संध्याकाळी लियाकतभाई आले. पाणी उतरवायचं सोडून त्यांनी आधी सुदेशचे दोन्ही खांदे धरून हलवले. मग सांगितलं की रुपालीताईंनी शारजाला फोन केला होता आणि अजराभाभी रडतायत. यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत त्यांनी आम्हाला पिकअपमध्ये घालून मेन रोडवर नेलं. तिथून तो सुदेशचा फोटो पाठवला, तुम्ही दिलेला नाचणीचा लाडू खातानाचा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून.

आता खरी न्यूज. त्या मेसेजच्या आधी, दुपारी एक मोठा उतार आला, सगळे सुटे दगड. सुदेश खडकावर बसला तो बसलाच. मागे जाऊ म्हणाला. मलाही वाटलं, खलास, चुकलंच माझं. मग फोनमधलं तुमचं पत्र त्याच्यासमोर धरलं. त्याने वाचलं, उठला, एक हात डोक्यावर ठेवला, खरंच भारा धरल्यासारखा, आणि पाऊल आडवं टाकत उतरायला लागला! मागून दोन फिलिपिनो मुली येत होत्या. त्यांना वाटलं ही काहीतरी टेक्निक आहे, त्यांनीपण डोक्यावर हात ठेवला. खाली पोचल्यावर हा वळून मलाच म्हणाला की तू फार स्लो आहेस.

पाय सुजलेला नाही, मी दोनदा दाबून बघितला. आज मी उठायच्या आधी तो समोरच्या टेकाडावर जाऊन आला. एकटा.

पुढे जायचं की मागे, ते तुम्ही सांगा. लियाकतभाई मेन रोडवरून हे पाठवतील आणि उत्तर घेऊन येतील. तोपर्यंत आम्ही निघत नाही.

रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
स्वप्नाली

गुहागर
११ जानेवारी २०२५, घाईत

चि. सौ. स्वप्नाली आणि चि. सुदेश यांना अनेक आशीर्वाद.

मेसेज आला तेव्हा मी वाल निवडत होते. सूप हातातून सुटलं. त्यानंतरचे दोन तास कसे गेले ते मी लिहीत नाही. मग फोटो आला. आधी तोंड बघितलं, मग बोटांनी मोठा करून पाय बघितला, मग परत तोंड बघितलं. लाडू गालात होता. तेव्हा रडले, त्याआधी नाही. वाल अजून पाटाखालून निघतायत.

त्याला सांग, हात डोक्यावर ठेवायची गरज नसते, पाऊल आडवं पडलं की झालं. पण ठेवलास ते बरं केलंस, बाबा.

पुढे जा. तीन दिवस राहिलेत, ते चाला. शेवटी कळवताना शब्द तोच वापर, मला आता समजतो. फक्त सुदेश नको, डोंगर खलास असं लिही.

कळावे. तू चुकून पाठवलेले आशीर्वाद माझ्याजवळ होते, ते दुप्पट करून परत पाठवते आहे. वाटेत लागतील.

तुमची,
आई