सलीमभाऊच्या विमानातली टाकी

१२ जाने.
मूल गाव. राईस मिलची इंजिनं दुरुस्त करणारा सलीमभाऊ विमान बांधतोय, ही बातमी गेल्या आठवड्यात मीच दिली. मथळाही माझाच: 'धानपट्ट्यातला गरुड'. आज प्रथमच गरुडाच्या पोटात बसलो. पेट्रोलचा वास. टाकी डोक्यावर, नळी सायलेन्सरवरून, जोडातून थेंब. इंजिन आणि सीट यांच्यामध्ये फक्त प्लायवूड.
बातमीत यातलं काही नाही. तेव्हा मी पंखांची लांबी विचारत होतो.

१५ जाने.
स.भाऊला गळतीचं बोललो. तो मला म्हणाला, "पंडितभाऊ, मिलमध्ये तीस वर्षं टपकून राह्यलं. चिंधी बांधली का झालं. कधी पेटलं नाई."
"ते डिझेल होतं."
"तेलच ना!"
डिझेलच्या थारोळ्यात उभं राहून बिडी ओढलेला माणूस. पेट्रोलची वाफ त्याला दिसतच नाही. म्हटलं, संस्कृतात अग्नीला हुतभुज् म्हणतात, अर्पण केलेलं खाणारा. न अर्पिलेलंही खातो.
"तुमच्या संस्कृतात पेट्रोल हाय काय?"
नाही. हरलो.

२३ जाने.
सावली रोडवरच्या मोकळ्या शेतात इंजिन चालवून पाहिलं, जमिनीवरच. दहा मि. ठीक. मग नळीच्या जोडाला बांधलेली चिंधी पेटली. तिथून प्लायवूड, पंखाचं कापड. सीटचा पट्टा सुटेना. स.भाऊ उतरला तेव्हा डावा हात कोपरापर्यंत भाजलेला. लोकांनी पाणी ओतलं. पेट्रोल पाण्यावर जळत पुढे सरकलं. त्याच्या बायकोनं, नसीमभाभीनं, ओरडून माती टाकायला लावली, तेव्हा विझलं.
वर हवेत असता तर...

२५ जाने.
दवाखाना. भाभी: "पेपरात आलं तवापासून हे कोणाचं ऐकून नाई राह्यले. सारे विचारतेत, कवा उडते? तुम्हीच चढवलं ना यायले. आता उतरवा."

२ फेब्रु.
स.भाऊ घरी. जळालेलं दुरुस्त करायला कागदावर आखणी, उजव्या हातानं: पत्रा, नवी नळी, पेट्रोल बंद करायची चावी. टाकी मात्र डोक्यावरच.
"शिवरातीले मार्कंड्याच्या देवळावर वरून फुलं टाकतो म्हणलं ना मी. लोकं वाट पाहून राह्यले."
सरकारी परवानगी? मी विचारलं.
"पह्यले उडू तं द्या."

४ फेब्रु.
दुसरी बातमी लिहिली. गळती, चिंधी, हात, परवानगी नाही. पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवली. ऐकून घेतली.
"खरं हाय सगळं. पण हे छापलं तं माह्याकडे इंजिन कोण आणन, पंडितभाऊ?"
भाभी दारातून, "पाठवा."
तो तिच्याकडे पाहत राहिला, मी चहाकडे.
संध्या. पाठवली. संपादकांचा फोन: आगीचा फोटो आहे का? आहे. नाही म्हणालो.

६ फेब्रु.
छापून आली. दुकानाला कुलूप. शेतात गेलो, विमानातली टाकी काढलेली. म्हणजे उडायचा नाद सोडला. बरं वाटलं. हे सांगायला घरी गेलो.
भाभी धान पाखडत होती. वर पाहिलं नाही.
"मार्कंड्याले गेले. इमान उतरवाले नदीची वाळू कडक हाय का, ते पाहाले."