तेजसचा सीझन

४ जानेवारी, रविवार
नवीन वही. ठरवलं: रोज लिहायचं, रडायचं नाही, तेजसची एकही मॅच चुकवायची नाही.
बास्केटबॉलच्या लीगचा हा दुसराच सीझन. पुण्याला आहे. टीममध्ये जळगावचा एकटा माझा मुलगा. आज पहिली मॅच, मोबाईलवर पाहिली. त्याला उतरवला नाही. कोच हुशार दिसतो. चांगला माणूस राखून ठेवतात.
शेजारच्या शेवंताबाई म्हणाल्या, तुना पोर्‍या ते बसेलच शे. खुर्ची तरी चांगली भेटनी!
नुसता बसलेलाच म्हणे! त्यांना नियम माहीत नाहीत. मी वाचनालयातून पुस्तक आणलंय. सातवीनंतर जे शिकले ते असंच.

८ जानेवारी, दुपार
यांच्या ऑफिसचं पत्र. नाव तेजसचं, उघडलं मी. हे गेल्यापासून दोन वर्षं ज्यासाठी फेऱ्या मारल्या तीच नोकरी. यांच्या जागी तेजस. ३० तारखेपर्यंत हजर व्हा, नाहीतर यादीतला पुढचा.
पोरगं रंगात यायच्या बेतात, आणि हे पत्र. कळवायचं नाही असं ठरवलं.
जाताना हे म्हणाले होते, पोराला खेळू दे. मयुरीला पत्राचं बोलले नाही, फक्त विचारलं, पप्पांचं ते आठवतं ना? ती म्हणाली, कधी म्हणाले? तोंडात नळी होती, आई.
म्हणाले नसतील. म्हणणार होते.

१२ जानेवारी
तेजसचा फोन. आवाज बसलेला. पुण्याची थंडी. विचारलं, पप्पांच्या ऑफिसातून काही आलं का? म्हटलं, नाही रे, तू खेळाकडे बघ. म्हणाला, आलं तर लगेच सांग हं.
जबाबदारीची जाण आहे. बापावर गेलाय.

१८ जानेवारी
मॅच. कॅमेरा बेंचवरून फिरतो तेव्हा एक जण डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेला असतो. तोच तो. मयुरी म्हणाली, तोंड दिसत नाही, तेजस कशावरून?
आईला कळतं.

२३ जानेवारी
फोन. पुन्हा पत्राचंच. मॅचचं विचारलं तर म्हणाला, चाललंय. मागे ट्रकचे हॉर्न. पुण्यात ट्रॅफिक फार.
रोज लिहायचं राहतंय. उद्यापासून.

२७ जानेवारी
पत्राचा फोटो काढला. पाठवला नाही.
हे कॉलेजात असताना जिल्ह्याकडून खेळले. नोकरी लागली आणि बूट माळ्यावर गेले. मी ते अजून पुसते. जाऊबाई एकदा म्हणाल्या, माणूस गेला, आता बुटांचं काय एवढं? त्यांचा माणूस घरात आहे. त्यांना बोलायला काय जातं.
तेजसचं तसं होऊ द्यायचं नाही. पुढच्या मॅचला नक्की उतरवतील.

३० जानेवारी, सायंकाळी ६.२०
ऑफिस सुटलं असेल. संपला विषय. जीव हलका झाला.
दोन भाकरी केल्या होत्या, दोन्ही उरल्या.
रविवारी मॅच आहे. गल्लीला भरिताला बोलवायचं ठरवलं.

१ फेब्रुवारी, रविवार
आसोद्याची वांगी आणली. कपाशीच्या काड्यांवर अंगणात भाजली. कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे, पुऱ्या. वीस माणसं. मयुरीने मोबाईल टीव्हीला जोडला.
टॉवेलवाला दिसला. मी बोट दाखवलं. सगळे वा वा म्हणाले. शेवंताबाईसुद्धा.
तेवढ्यात दारात तेजस. खांद्यावर बॅग.
सगळ्यांनी एकदा दाराकडे, एकदा टीव्हीकडे पाहिलं. मग शेवंताबाई म्हणाल्या, बाई वं, मंग टीव्हीमा कोन शे?
लोक हसले. भरीत खाऊन गेले. छान झालंय, असं प्रत्येकाने सांगितलं, मयतीला आल्यासारखं हळू.
टीमने त्याला दहा तारखेलाच काढलं. तेव्हापासून धुळ्याला, माझा भाऊ लीलाधर याच्या टायरच्या दुकानात होता. लीलाधरने मला सांगू नये म्हणून त्याला शपथ घातली होती. का रे, म्हटलं. म्हणाला, फोनवर तू इतकी खूश असायचीस.
मग भरीत वाढून घेत म्हणाला, खेळ मला पहिल्या सीझनलाच झेपत नव्हता. पप्पांसाठी म्हणून गेलो. आता पत्र येईल तेवढंच. येईल ना?
मी पुरी वाढली.

२ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी
रात्री सांगायचं ठरवलं होतं. तो लवकर झोपला. दमलेला होता.
सकाळी चहाबरोबर सांगायचं ठरवलं. चहा झाला. त्याने यांचा निळा शर्ट इस्त्री केला. अंगात नीट बसला, फक्त बाह्या आखूड. म्हणाला, स्वतःच ऑफिसात जाऊन विचारतो, पत्राचं कुठे अडलंय.
थांब म्हणणार होते. डबा भरून दिला.
अकरा वाजत आलेत. एव्हाना पोचला असेल.